खांद्यावरून आलेलं पान

दुर्योधन वाटगुरे या माणसाबद्दल कुणी चांगलं बोलताना मी ऐकलं नाही, आणि मीही बोलणार नाही. आमच्या झाडीपट्टीत दुर्योधन हे नाव ठेवताना कुणाला काही वाटत नाही. माझ्या एका मामेभावाचंही तेच नाव आहे आणि तो गरीब गाय आहे. वाटगुऱ्यांनी मात्र नाव राखलं. आज मी वाचणारा माणूस आहे तो या गृहस्थामुळे, आणि ही गोष्ट मला अजूनही नीट पचलेली नाही.

ऐंशी सालानंतरचे ते दिवस. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात मी कोळसा विभागात नवा लागलो होतो. क्वार्टर मिळालं नव्हतं, म्हणून चंद्रपुरात खोली करून राहायचो आणि केंद्राच्या बसनं जायचो-यायचो. लहानपणी मी वाचणारा मुलगा होतो. आमच्या वस्तीत वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन व्हायचं आणि वाचायला मला बसवायचे. बाया धानाच्या रोवण्यावरून चिखलाच्या पायांनी तशाच यायच्या. आई मागे बसून रडायची. ग्रंथात त्या दिवशी रडण्यासारखं काही नसलं तरी रडायची. पुढे डिप्लोमा आला, नोकरी आली, बहिणीचं लग्न आलं, शिफ्ट आली, ओव्हरटाइम आला. वाचन सुटलं, आणि सुटलं हे लक्षात यायलाही मला सवड नव्हती. खोलीवर येऊन आंघोळ केली की मोरीत काळं पाणी वाहायचं, आणि तेवढं संपेपर्यंत डोळे मिटायचे.

वाटगुरे स्टोअरचे हेडक्लार्क होते. हातमोजे, गमबूट, साबण, काहीही हवं असलं तरी त्यांच्या खिडकीशी उभं राहावं लागायचं. एकदा आमच्यातल्या एकानं बूट मागितले, तर त्यांनी दोन्ही डाव्या पायाचे दिले. तो म्हणाला, "साहेब, दोन्ही डावेच आहे." वाटगुरे म्हणाले, "पाय किती आहे तुले? दोन. बूट किती भेटले? दोन. मंग?" आणि खिडकी लावून घेतली. तो माणूस आठवडाभर उजवा पाय वाकडा टाकत हिंडला आणि वाटगुरे त्याला रोज खिडकीतून पाहत होते. त्यांच्या तोंडावर हसू असं कधी नसायचं. नुसतं पाहायचे.

बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा त्यांची. शेजारी त्यांची पिशवी बसायची, माणूस नाही. अंगात खाकी सफारी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, केसांना इतकं तेल की खिडकीतून येणारी कोळशाची धूळ तिथंच चिकटून बसायची. बस सुटली की ते पिशवीतून पुस्तक काढत. पुस्तक रद्दीतलं असायचं आणि त्याला ना पुठ्ठा असायचा ना नावाचं पान.

मी पहिल्यांदा त्यांच्या मागं बसलो तो दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. दुर्गापूर मागं पडलं तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्यावरून मागे आला. बोटांत एक फाडलेलं पान होतं. मी पाहत राहिलो.

"घे नं बे. हात अकडून राह्यला माहा."

मी घेतलं. सवयीनं वाचलं. पुस्तकाच्या मधलंच कुठलं तरी पान होतं, कोण कुणाशी बोलतंय कळेना, तरी वाचलं. तोवर दुसरं पान खांद्यावर हजर. मागच्या बाकावरच्यानं माझ्या पाठीत बोट खुपसलं, "देऊन दे ना भाऊ, पुढचं आलं." तेव्हा मला कळलं की ही अख्ख्या बसची रीत आहे. वाटगुरे वाचायचे, वाचून झालेलं पान फाडायचे आणि मागे द्यायचे. ते बाकाबाकानं मागे जायचं. शेवटच्या बाकावरचा माणूस त्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा बांधायचा. असं एकेक पुस्तक बसच्या पुढच्या तोंडातून शिरायचं आणि मागून खर्ऱ्याच्या पुड्या होऊन उतरायचं.

या रीतीला कायदे होते आणि ते सगळे वाटगुऱ्यांचे होते. पान मागायचं नाही. पुढं काय झालं ते विचारायचं नाही. ज्याला डुलकी लागली त्याचं पान गेलं. कुणी मागे पडला तर ते न वळता म्हणायचे, "थांबाले मी का यष्टी आहो?"

पुठ्ठा ते स्वतःच फाडायचे, बाजारातून आणल्या आणल्या. मी एकदा धीर करून विचारलं, नाव का फाडता म्हणून. ते म्हणाले, "नाव कायले पायजे? नाव पाहून माणूस ओळखता येते का तुले?" माझ्यासारख्या रामटेके आडनावाच्या माणसाला हे वाक्य किती गोड लागलं असेल ते सांगायला नको. नाव सांगितल्याबरोबर खोली नाकारणाऱ्या चार घरमालकांच्या पायऱ्या मी तेव्हाच उतरलो होतो. मला वाटलं, माणूस कडू आहे पण आत काही तरी आहे. पुढे कळलं की तसं काही नव्हतं. नाव कळलं तर एखादा ते पुस्तक दुसरीकडून मिळवेल आणि त्यांच्या हाताखालून सुटेल, म्हणून ते नाव फाडायचे.

तुळशीराम म्हणून पंपहाऊसचा एक हेल्पर होता. प्रौढ वर्गात अक्षरं शिकलेला, बोट ठेवून आणि ओठ हलवत वाचणारा. तो माझ्या शेजारी बसायचा आणि माझ्याकडून पान घ्यायचा. त्याला वेळ लागायचा, पण पान संपलं की त्याचा चेहरा असा व्हायचा की पाहत राहावं. एकदा वाटगुऱ्यांनी ड्रायव्हरच्या आरशात त्याला पाहिलं आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, "थे पाहा, शेळी चरून राह्यली." बस हसली. दुसऱ्या दिवशी एकानं "बेंऽ" केलं. तिसऱ्या दिवशी तुळशीरामनं माझ्या हातातलं पान घेतलं नाही. म्हणाला, "मले नाई जमत, साहेब. तुमी वाचा." तो पुढे दारापाशी उभा राहून जायला लागला, जागा असली तरी उभाच.

घरीसुद्धा ते असेच होते. एका रविवारी बाजारात रद्दीचं पोतं घेऊन उभे दिसले. "तरणा आहे, उचल," म्हणाले. मी पोतं त्यांच्या घरापर्यंत नेलं. त्यांची बायको सखूबाई शिगडी पेटवत होती. वाटगुऱ्यांनी पोत्यातलं एक पान काढलं, मुद्दाम उलटं धरलं आणि तिच्या डोळ्यांसमोर नेलं. "वाच बरं. पाहुणा आला आहे, वाचून दाखव." ती शिगडीत कोळसे रचत राहिली. "उलटं आहे का सुलटं, एवढं तरी सांग." तिनं ते पान त्यांच्या हातातून घेतलं, चुरगाळलं, शिगडीत घातलं आणि काडी लावली. वाटगुरे मला म्हणाले, "हिच्यापाशी सगडे कागद सारखेच. पेटले म्हंजे झालं." चहा चांगला झाला होता.

अशा माणसाच्या हातून मी पानं घेत होतो. कारण सांगतो. त्या सुमारास त्यांनी एक जाड कादंबरी वाचायला काढली होती. नदीकाठची गोष्ट. नावाड्याची मुलगी मंजुळा, सावकाराच्या घरी स्वयंपाकाला असलेली. सावकार जेवता जेवता मरतो आणि विष घातल्याचा आळ मंजुळेवर येतो. खटला उभा राहतो. तिनं घातलं की नाही हे लिहिणारा काही केल्या सांगत नव्हता, आणि मंजुळा तोंड उघडत नव्हती. मी बसमधून उतरलो तरी ती माझ्याबरोबर उतरायची. कन्व्हेअरच्या धडधडीत मला कोर्टातली माणसं बोललेली ऐकू यायची. वाटगुऱ्यांची बस चुकू नये म्हणून मी ओव्हरटाइम सोडायला लागलो, शिफ्टची अदलाबदल करायला लागलो. आमचा मुकादम, मेट, म्हणाला, "काऊन रे, पोरगी पाहून ठेवली का बसमध्ये?" मी हो म्हणालो. ते काही फार खोटं नव्हतं. विहारातल्या बायांसमोर वाचताना अंगावर यायचा तसा काटा किती तरी वर्षांनी अंगावर येत होता, आणि मला खरोखर आनंद झाला होता. माझ्यातलं काही तरी मेलं होतं असं मी धरून चाललो होतो, ते जिवंत निघालं होतं.

त्या आनंदाच्या भरात मी चूक केली. पगाराच्या दिवशी दुकानातून एक नवं कोरं पुस्तक घेतलं, पुठ्ठ्यासकट, नावासकट. दुसऱ्या दिवशी बस सुटल्यावर वाटगुऱ्यांच्या खांद्यावरून पुढे केलं. मंजुळेची तेव्हा शेवटची थोडीच पानं उरली होती. न्यायाधीश निकाल सांगायला बसले होते.

"साहेब, हे तुमच्यासाठी."

"कोणं देल्लं?"

"मीच आणलं."

"काऊन?"

"तुम्ही आम्हाला एवढं वाचायला देता, म्हणून."

ते पूर्ण मागे वळले. इतक्या दिवसांत मी त्यांचा चेहरा बसमध्ये पहिल्यांदाच समोरून पाहिला. "मी देतो? मी वाचून झाल्यावर कचरा टाकतो मांगं. तू वेचते. कचरा वेचनाऱ्यानं मले बक्षीस द्यावं का बे?"

त्यांनी माझं पुस्तक ड्रायव्हरकडे दिलं. "रहीमभाई, बॉनेट खडखड करून राह्यलं. हे लावा खाली."

"नया है साहब, अच्छा है," रहीमभाई म्हणाला.

"लावा म्हनलं नं."

मग त्यांनी मांडीवरची मंजुळा उचलली, उरलेली सगळी पानं एका मुठीत धरून उपटली आणि खिडकीबाहेर फेकली. "घे. वेच."

मी ओरडून बस थांबवली. उतरून मागे पळालो. कोळशाचे ट्रक एकामागून एक येत होते, धूळ अशी की आपला हात दिसू नये. नालीकाठच्या बेशरमीच्या झुडपांत शिरलो, रस्ता धुंडाळला, एका ट्रकवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. एक पान हाती लागलं नाही. ड्युटीवर उशिरा पोचलो म्हणून मेमो मिळाला. मी तेव्हा रडलो हे सांगायला मला लाज वाटत नाही. चांगला कमावता माणूस होतो आणि कन्व्हेअरखाली उभा राहून एका नावाड्याच्या पोरीसाठी रडत होतो.

दुसऱ्या दिवशी वाटगुरे बसमध्ये नव्हते. त्यांची जागा रिकामी मी तेव्हाच पाहिली. त्यानंतर ते आले ते पुस्तकाविना, आणि रोज खिडकीबाहेर पाहत बसायचे. खांद्यावरून मागे पान आलं नाही. खर्रा बांधायला मागचा माणूस पेपर आणायला लागला.

मी चंद्रपुरातल्या वाचनालयात गेलो. ग्रंथपालांनी विचारलं, "पुस्तकाचं नाव?"

"माहीत नाही."

"लेखक?"

"माहीत नाही."

"मंग का माहीत आहे तुमाले?"

"नावाड्याच्या मुलीवर खटला आहे. विषाचा."

त्यांनी चष्मा वर केला आणि हातानं सगळी कपाटं दाखवली. "हे पडले आहे. शोधा."

मी पहिल्या कपाटापासून सुरुवात केली. वाटलं होतं, चाळून ठेवून देऊ. पण पुस्तक आपलं आहे की नाही हे कळायला थोडं तरी वाचावं लागतं, आणि थोडं वाचलं की ते मानगूट धरतं. कादंबऱ्या वाचल्या, मग प्रवास वाचले, चरित्रं वाचली, कारण कुणी कुठं चुकून ठेवलं असेल सांगता येत नाही अशी मी स्वतःची समजूत घातली होती. जेवणाच्या सुट्टीत वाचलं, बससाठी थांबल्या थांबल्या वाचलं. माझ्या अंगठ्याचा कोळसा पानापानांवर उमटायचा. ग्रंथपाल पुस्तक परत घेताना डाग बघून म्हणायचे, "हे तुमीच वाचलं वाटते पुरं." मंजुळा कुठंच सापडली नाही. बाकी सगळं सापडलं. वाचन मला परत मिळालं ते असं, एका दुष्ट माणसानं ते खिडकीबाहेर फेकलं म्हणून. यात त्यांचं काही भलं होतं असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. त्यांना मला दुखवायचं होतं आणि त्यांनी दुखवलं.

पुढे वाटगुरे रिटायर झाले आणि सावली तालुक्यातल्या आपल्या गावी गेले. निरोप समारंभ झाला, पण हार घालायला कुणी पुढे होईना. शेवटी रहीमभाईनं घातला.

मला क्वार्टर मिळालं आणि घरचे मुली बघायला लागले. राजुऱ्याला एका मास्तरांच्या घरी गेलो होतो. मास्तर माझ्या वडिलांना शेतीबद्दल विचारत होते. कोनाड्यात चार पुस्तकं होती, सवयीनं एक काढलं आणि उघडलं. नदी होती. नाव होती. मंजुळा घाटावर उभी होती. मी तिथल्या तिथं शेवटची पानं उघडली आणि वाचायला लागलो. वडिलांनी हाक मारली, मास्तरांनी प्रश्न विचारला, पोहे आले. मी मान वर केली नाही. पोहे घेऊन आलेली मुलगी म्हणाली, "घेऊन जा पाहिजे तं. पण वापस आणून द्याल." तिनं पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं आणि आत आपलं नाव लिहिलं होतं. पुस्तक परत देण्याची वेळ आली नाही, ती पुस्तकासकट माझ्या घरी आली.

लग्नानंतर रहीमभाई भेटला. म्हणाला, "वाटगुरे साहब की आँखें गई. शुगर है. जाना है तो जाओ." का गेलो ते मला अजून नीट सांगता येत नाही. दाखवायला गेलो असेन, की बघा, मिळालं. पुस्तक पिशवीत घातलं आणि सावलीच्या पुढं यष्टीनं उतरलो. धानाची कापणी चालली होती.

वाटगुरे ओसरीवर खाटेवर बसले होते. डोळे उघडे, पण माझ्याकडे नाहीत. अंगणात दोन शेळ्या. सखूबाई सूप घेऊन बसली होती. मी नाव सांगितलं.

"रामटेके का? मेला नाई का अजून?"

"पुस्तक सापडलं," मी म्हणालो. "मंजुळेचं."

ते खाटेवर माझ्या बाजूला सरकले. मग हळू म्हणाले, "का झालं तिचं?"

मला कळेना. "तुम्ही तर वाचलं होतं ना?"

"म्या बी नाई वाचलं. रागारागानं फेकून देल्लं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली, बेशरमीत दिवसभर शोधलं." त्यांनी हात पुढे केला, पुस्तकासाठी नव्हे, मी सुरू करावं म्हणून. "वाच."

त्यांनी पानं उपटली होती तिथून मी वाचायला लागलो. पहिलं पान दोन्ही बाजूंनी संपलं तेव्हा त्यांनी चाचपत पुस्तकावर हात ठेवला, पान धरलं आणि फाडलं. माझ्या बायकोचं पुस्तक. मी अडवलं नाही. त्यांनी ते पान खांद्यावरून मागे धरलं. मागे भिंत होती. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग बोटं सुटली आणि पान घरंगळत अंगणात गेलं. असं दर पानाला झालं. शेळ्यांनी हुंगून पाहिलं. सखूबाई सूप थांबवून बघत होती.

शेवटचं पान आलं. न्यायाधीशांनी चष्मा पुसला, कागद समोर धरला, आणि वाक्य पान उलटून पलीकडे गेलं होतं. मी उलटणार तोच वाटगुऱ्यांनी ते धरलं आणि फाडून घेतलं.

"वाचू द्या ना. एवढंच राहिलं."

"तू वाचून दाखवशीन, अन् मी ऐकून घेईन?" त्यांचा आवाज थेट बसमधला झाला. "तू देशीन, अन् मी घेईन? एवढे वाईट दिवस नाई आले माहे." त्यांनी पानाचा बोळा केला आणि अंगणात भिरकावला. "जा आता. तुही यष्टी जाईन."

मंजुळा सुटली की फासावर गेली ते मी इथं लिहिणार नाही. ज्याला ते खरोखर हवं होतं त्यालाही मिळालं नाही. तुम्हाला फुकट का सांगू?

मी पिशवी उचलून निघालो. फाटकापाशी पोचून मागे पाहिलं तर वाटगुरे खाटेवरून उतरले होते. अंगणात गुडघ्यांवर आणि हातांवर होते. मी गेलो असं त्यांना वाटलं असणार. लेंड्यांमधून, भुशातून हात फिरवत होते. एक पान हाताला लागलं, ते त्यांनी नाकाशी नेलं आणि टाकलं. दुसरं लागलं, तेही टाकलं.

"सखू," त्यांनी हाक मारली. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "सखू, कागद कुठी गेला थो? दिसून राह्यला का तुले?"

सखूबाई उठली होती. बोळा तिच्या पायापाशीच पडला होता. तिनं वाकून उचलला, उलगडला, इकडून तिकडून पाहिला.

"कागद तं लय पडले आहे," ती म्हणाली. "कोनता पायजे?"

"शेवटचा. शेवटचा दे."

"मले का वाचता येते?" सखूबाई म्हणाली.

तिनं तो कागद पुन्हा चुरगाळला, पदरात टाकला आणि चहा मांडायला आत गेली.